डिप्रेशनची गोळी बदलायची आहे? कोकणात राहणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

डॉक्टर "आपण गोळी बदलून बघू" म्हणाले की पुढचं निम्मं कानावरून जातं. डोक्यात एकच घोळत असतं, आपलं काही खरं नाही, आपल्याला गोळीसुद्धा लागू पडत नाही. मग मेडिकलमधून नवी स्ट्रिप घ्यायची, एसटी पकडायची आणि रात्री जेवण झाल्यावर प्रश्न सुरू. जुनी आजपासूनच बंद की दोन्ही घ्यायच्या? ही झोपताना की सकाळी? आणि विचारायला परत रत्नागिरी नाहीतर ओरोस गाठायचं म्हणजे अख्खा दिवस गेला, वर रजा.

मी राजापूर तालुक्यात राहते. एस्सिटालोप्रॅमवरून दुसऱ्या गटातल्या गोळीवर गेले, तेही भर पावसात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे इथे "इतके मिलीग्रॅम कमी करा" असं कुठेच सापडणार नाही, आणि माझा तक्ताही देणार नाही, कारण लोक तोच उतरवून घेतात आणि प्रत्येकाची गोळी, वय, बाकीची औषधं सगळं वेगळं असतं. मला सांगायचंय ते एवढंच की हे सगळं तारखांचं काम आहे. कुठल्या तारखेला कुठली गोळी किती, हे लिहिलेलं हातात असलं की काळजी आटोक्यात राहते, नसलं की साधी चक्कर आली तरी पोटात गोळा येतो.

१. बदल नक्की कशासाठी ते आधी ठरवा

कारणं बहुतेक दोनच असतात. एक तर फरक पडत नाही, नाहीतर फरक पडतोय पण साइड इफेक्ट सोसवत नाहीत. वजन वाढणं, सारखी झोप, घाम हे लोक सांगतात. शरीरसंबंधाची इच्छाच गेली हे मात्र कोणी सांगत नाही आणि गुपचूप गोळी बंद करतात. सांगा. एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी (एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन वगैरे) हे भरपूर जणांना होतं, डॉक्टरांना त्यात नवीन काही नाही, आणि त्यावरच पुढची गोळी कुठली हे ठरतं.

"फरक नाही" असं असेल तर डॉक्टर आधी दोन-तीन गोष्टी तपासतील आणि त्याचा राग मानू नका. पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे झाले का, मधे मधे गोळी चुकते का, थायरॉइड तपासलंय का (थायरॉइड कमी असलं की थकवा, उदासी सगळं डिप्रेशनसारखंच दिसतं), आणि पिणं किती आहे. कधीकधी बदलायची गरजच नसते, डोस वाढवून भागतं.

आणि पहिली गोळी लागू पडली नाही म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला होता, साधारण चार हजार पेशंटचा, त्याचे निकाल २००६ मध्ये आले. त्यात पहिल्या गोळीने पूर्ण बरं वाटलेले लोक साधारण एक तृतीयांशच निघाले. म्हणजे बाकीच्यांना पुढची पायरी बघावीच लागली. तुम्ही त्या मोठ्या रांगेत आहात, एवढंच.

२. जाताना सोबत काय न्यायचं

एका प्लास्टिकच्या पिशवीत हे सगळं घाला, पावसात कागदाचा लगदा होतो म्हणून पिशवी:

- जुनी सगळी प्रिस्क्रिप्शन्स, पहिल्यापासूनची. मुंबईत ट्रीटमेंट सुरू झाली असेल तर तिकडच्या फाइलची कॉपी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे आपले उपचाराचे कागद मागण्याचा आपल्याला हक्क आहे, त्यामुळे मागायला लाजू नका.
- आत्ता चालू असलेल्या प्रत्येक गोळीची स्ट्रिप. फोटोपेक्षा स्ट्रिपच न्या, मागचं बारीक अक्षर वाचायचं असतं.
- बाकी जे काही पोटात जातं त्याची यादी: बीपी, शुगर, थायरॉइड, गुडघ्याची पेनकिलर, मायग्रेनची गोळी, खोकल्याचं औषध, आयुर्वेदिक काढे, शेजारच्या वैद्यांनी दिलेली पुडी. सगळं म्हणजे सगळं.
- जवळपासचे रिपोर्ट असतील तर थायरॉइड आणि सोडियम. साठीच्या पुढच्यांनी सोडियमचं जरूर विचारा, या गोळ्यांनी ते खाली येऊ शकतं आणि मग माणूस गोंधळल्यासारखं बोलतो, तोल जातो, घरच्यांना वाटतं वय झालं. हार्टचा त्रास असेल तर ईसीजी.
- सरकारी हॉस्पिटलला जात असाल तर आधार कार्ड आणि जुना केसपेपर.
- एक वही आणि चालणारं पेन. वही मोठी घ्या, पुढे लागणार आहे.

आणि एक माणूस सोबत न्या, जो डॉक्टरांचं बोलणं ऐकेल. आपल्याला निम्मं ऐकू येत नाही हे वर सांगितलंच.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगायच्या तीन गोष्टी. गरोदर असाल, दूध पाजत असाल किंवा तसा विचार असेल तर. कधी फिट आली असेल तर, कारण ब्युप्रोपिऑनसारखी गोळी फिट येणाऱ्यांना देत नाहीत. आणि कधी उलटंच झालं असेल, म्हणजे चार-चार दिवस झोप नाही तरी अंगात जोर, भरमसाट खर्च, तोंडाचा पट्टा थांबत नाही, तुम्हाला किंवा घरात कोणाला, तर तेही. तसं असेल तर डॉक्टर सगळाच विचार वेगळा करतात.

३. केबिनमधून तक्ता घेतल्याशिवाय उठायचं नाही

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, बाकी घाईत वाचलंत तरी चालेल.

गोळी बदलायच्या ढोबळ तीन पद्धती आहेत. पहिली थेट बदल: आज रात्री जुनी, उद्यापासून नवी. एकाच गटातल्या गोळ्यांमध्ये हे बऱ्याचदा करतात, कारण नवी गोळी जुनीची जागा बऱ्यापैकी भरून काढते. दुसरी, जुनी हळूहळू उतरवत आणायची आणि त्याच वेळी नवी हळूहळू चढवायची, याला क्रॉस टेपर म्हणतात. यात काही दिवस दोन्ही गोळ्या पोटात असतात आणि गोंधळ होतो तो याच दिवसांत. तिसरी, जुनी कमी करत पूर्ण बंद, मधे काही दिवस कोरडे, मग नवी.

कुठली पद्धत हे गोळीवर ठरतं. फ्लुओक्सेटिन शरीरातून जायला आठवडे घेते, त्यामुळे ती बंद केली तरी आत असतेच आणि नवी गोळी त्या हिशोबाने द्यावी लागते. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन उलट, पटकन उतरतात, एखादा डोस चुकला तरी काही जणांना संध्याकाळपर्यंत गरगरायला लागतं, म्हणून त्या सावकाश कमी करतात. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन यांच्यामुळे अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गटातल्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, त्यामुळे तिथे डोस जपून. एमएओआय नावाचा एक गट आहे, आपल्याकडे क्वचितच देतात, पण तिकडे जायचं असेल तर मधे साधारण दोन आठवडे मोकळे सोडावेच लागतात आणि फ्लुओक्सेटिनवरून जायचं असेल तर पाच. हे सगळं पाठ करायला सांगत नाहीये, फक्त एवढं लक्षात ठेवा की शेजारणीने जशी बदलली तशी तुमची बदलणार नाही.

आता तक्ता. वहीचं पान उघडून डॉक्टरांसमोर ठेवा आणि म्हणा, "डॉक्टर, तारखा घालून द्या ना." बहुतेक जण देतात. माझ्या डॉक्टरांनी पानावर उभ्या रेघा मारल्या: तारीख, जुनी सकाळी, जुनी रात्री, नवी सकाळी, नवी रात्री. जिथे काही घ्यायचं नाही तिथे रिकामं न ठेवता फुली मारली, आणि ती फुलीच मला सगळ्यात कामाला आली, कारण रिकामी जागा बघून रात्री अकरा वाजता "लिहायचं राहिलं असेल का" हा विचार येतोच. ओपीडीत गर्दी असेल आणि डॉक्टरांना वेळ नसेल तर तुम्ही स्वतः लिहा आणि शेवटी फक्त दाखवून घ्या, अर्धा मिनिट लागतो.

पानाच्या खाली या चार प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या:
- गोळी चुकली तर काय? (सहसा पुढच्या वेळेला दोन एकदम घ्यायच्या नसतात, पण तुमचं विचारून घ्या.)
- त्रास झाला तर फोन कुठे, किती वाजेपर्यंत, व्हॉट्सॲप चालतं का?
- अर्धी करायची असेल तर ही गोळी तोडता येते का? एक्सआर, एसआर, ईआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असं नावापुढे असेल तर ती तोडायची, चावायची, कुटायची नसते, सगळं औषध एकदम सुटतं.
- पुढची भेट कधी?

४. "प्लस"वाल्यांनी इकडे बघा

आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असणारी कॉम्बिनेशन्स सर्रास दिली जातात, नावापुढे बहुधा प्लस किंवा तसलं काहीतरी असतं. खूप जणांना आपण दोन औषधं घेतोय हे माहीतच नसतं. मग "जुनी बंद, नवी सुरू" म्हटलं की क्लोनाझेपामही झटक्यात बंद होतं, आणि ते बरेच दिवस घेतलेलं असेल तर झटक्यात बंद करणं धोक्याचं आहे: झोप उडते, हात थरथरतात, धडधडतं, क्वचित फिटही येऊ शकते. आणि पेशंटला वाटतं नवी गोळी बाधली. स्ट्रिपच्या मागे वाचा. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, इटिझोलाम यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना थेट विचारा, "यातल्या झोपेच्या औषधाचं काय करायचं?" ते वेगळं, हळूहळू कमी करायला वेगळा तक्ता लागतो.

५. मेडिकलमध्ये

कंपनीचं नाव विसरा, कंटेंट बघा. डॉक्टर रत्नागिरीतले, गोळी त्यांच्या शेजारच्या मेडिकलमध्ये मिळणारी, आणि लांज्यात, राजापुरात, देवगडात तो ब्रँडच नाही असं कायम होतं. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं की "कंटेंट तोच, कंपनी दुसरी" एवढ्यावर काम भागतं, फक्त मिलीग्रॅम आणि ते एक्सआर, एसआर जुळतंय का ते बघा. दर महिन्याला कंपनी बदलत राहू नका, बदल चालू असताना तर नकोच, म्हणजे काही झालं तर कशाने झालं ते कळेल.

जनऔषधी केंद्रात बऱ्याच गोळ्या खूप स्वस्त मिळतात. सरकारी हॉस्पिटलमध्ये सगळे प्रकार नसतात. अमिट्रिप्टिलिन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन ही राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतली आहेत त्यामुळे ती मिळायची शक्यता जास्त, बाकीची बाहेरून घ्यावी लागतील का हे गोळी ठरतानाच विचारा. महिन्याला परवडणार नसेल तर तेव्हाच सांगा, डॉक्टर दुसरी सुचवतात.

गावातला मेडिकलवाला आपल्या काकांचा मित्र असतो, हा एक कोकणी प्रॉब्लेम. तालुक्याला जाऊन घ्या, त्यात काही चूक नाही. ऑनलाइन मागवत असाल तर पावसात कुरिअर गावापर्यंत कधी पोचेल ते देवाला माहीत, दोन आठवड्यांची शिल्लक हातात ठेवूनच ऑर्डर टाका.

ठेवायचं कसं? स्ट्रिपमधून आधीच काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नका, निदान जून ते सप्टेंबर तरी, आपल्या हवेत मीठ पाणी होतं तिथे गोळीचं काय. स्ट्रिपच घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून, गॅसपासून लांब.

६. तारीख निवडताना आपलं कॅलेंडर बघा

घाई नसेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर सुरुवात कधी करायची हे थोडं आपल्या हातात असतं. गणपतीच्या तोंडावर नको. घरात मुंबईची पंधरा माणसं, जागरणं, भजनं, स्वयंपाकघरातून सुटका नाही, आणि डॉक्टरही त्यांच्या गावी गेलेले. शिमग्याला पण तेच.

आंबा काढणीच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते मे, जे झाडावर चढतात किंवा टेम्पो घेऊन रात्री घाट उतरतात त्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं. पहिल्या दिवसांत चक्कर आणि गुंगी येऊ शकते. बाइकवाल्यांनापण तेच, निदान कसं वाटतंय हे कळेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हातात द्या. समुद्रावर जाणाऱ्यांना मात्र सोय आहे: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बदल केला तर होडीत गरगरायची भीती नाही आणि घरचे आजूबाजूला असतात.

पावसाळ्यात करायचंच असेल (मी केलंच की) तर दरड कोसळून घाट बंद, लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही हे सगळं होणार असं धरूनच चला. पूर्ण महिन्याच्या गोळ्या घरात, डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये आणि वहीतही, फोन चार्ज. टेलिफोनवर किंवा व्हिडिओवर फॉलोअप चालेल का हे आधीच ठरवा.

उपासवाल्यांनो, श्रावण, संकष्टी, नवरात्र. या गोळ्या रिकाम्या पोटी मळमळ करतात. पहिले दोन आठवडे निदान सकाळी उकड्या तांदळाची पेज तरी पोटात जाऊ द्या.

७. पहिले आठवडे: हे काय होतंय?

एखादी गोष्ट वाटायला लागली की ती तीनपैकी एका ठिकाणाहून येते. जुनी गोळी निघून चाललीय, नवी गोळी आत येतेय, किंवा मूळ आजार डोकं वर काढतोय. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून ओळखायला शिका.

जुनी जाताना: कमी केल्यापासून किंवा बंद केल्यापासून दोन-चार दिवसांत सुरू होतं. गरगरणं, मळमळ, फ्लूसारखं अंग, चिडचिड, रडू येणं, विचित्र स्पष्ट स्वप्नं, आणि डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं. हा झटका मला मान पटकन वळवली की यायचा, एसटीत कंडक्टरने मागून हाक मारली आणि वळले की "झप्" आणि डोळ्यांसमोर क्षणभर काही नाही. भयंकर वाटतं, पण तो या गोळ्या कमी करताना बऱ्याच जणांना येतो आणि विरत जातो. बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत निवळतं, काहींचं जास्त लांबतं, आणि लांबलं तर डॉक्टर कमी करायचा वेग आणखी हळू करतात. म्हणून सोसत बसायची गरज नाही, सांगायचं.

नवी येताना: मळमळ, डोकं दुखणं, पोट बिघडणं (सर्ट्रालिनने जुलाब होतात काहींना), तोंड कोरडं, आतून अस्वस्थ, झोप कमी किंवा मिर्टाझापिन असेल तर ढीगभर झोप आणि वखवखलेली भूक. व्हेन्लाफॅक्सिनवर असाल तर बीपी मोजत राहा. हे पहिले एक-दोन आठवडे जास्त असतं. गंमत अशी की त्रास आधी येतो आणि फायदा नंतर, मूडमध्ये फरक दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाज यायला सहा-आठ. सगळे गळपटतात ते याच फटीत.

आजार परत येतोय: हे एका दिवसात होत नाही, आठवड्या-आठवड्याने हळूहळू चढतं आणि चेहरा ओळखीचा असतो. म्हणजे तुमचं डिप्रेशन पहिल्या वेळी जसं आलं तसंच, पहाटे चारला जाग, आंघोळ नकोशी, कोणाचा फोन उचलावासा न वाटणं. डोक्यातले झटके आणि गरगरणं त्यात नसतं.

वहीत रोज एकदाच लिहा, संध्याकाळी, तीन ओळी: झोप, अंगाला काय वाटलं, मनाला काय वाटलं. दिवसातून दहा वेळा नाडी बघून लिहू नका, त्याने काळजीच वाढते. पीएचक्यू-नाइन नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही आहे, गुण ० ते २७, ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, म्हणून बदलाच्या आधी एकदा आणि मग दर दोन आठवड्यांनी भरा. डॉक्टरांना "बरं नाही वाटत" सांगण्यापेक्षा आकडा आणि वही दाखवली की बोलणं पटकन मुद्द्यावर येतं.

८. इथे थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल

- नवी गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर, बहुधा पहिल्या २४ तासांतच, खूप घाम, ताप, थरथर, स्नायू उडणं किंवा ताठरणं, जुलाब, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं असं सगळं एकत्र. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात, क्वचित होतं पण घरी बघत बसायचं प्रकरण नाही. १०८ लावा आणि दोन्ही गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत न्या.
- अंगावर पुरळ आणि तोंड, ओठ सुजणं, श्वास लागणं.
- काळी शी किंवा रक्ताची उलटी.
- फिट.
- झोपेची गरजच नाही, सुसाट वेगाने बोलणं, अचानक मोठमोठे बेत. हे घरच्यांना आधी दिसतं, त्यांना सांगून ठेवा.
- जगणं नको, मरावं असे विचार. नवी गोळी सुरू होताना किंवा डोस बदलताना हे वाढू शकतात, २४-२५ वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये विशेष. असा विचार आला तर एकटं राहू नका, घरातल्या एका माणसाला त्याच क्षणी सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीतून बोलतात. तातडी असेल तर ११२ किंवा १०८. घरच्यांनी बदल चालू असताना बागेतली फवारणीची औषधं आणि जास्तीच्या गोळ्या घराबाहेर कुलपात ठेवाव्यात, विचारत बसू नये.

पावसात ताप आला तर "गोळीचा असेल" म्हणून बसू नका, आपल्याकडे लेप्टो आणि डेंगी आहे, रक्त तपासून घ्या. आणि तिथल्या डॉक्टरांना या गोळ्यांबद्दल सांगा, कारण काही औषधं यांच्यासोबत न विचारता घ्यायची नसतात: दुखण्यावरचं ट्रामाडॉल, कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, मायग्रेनचं सुमाट्रिप्टान. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या पेनकिलर रोज घेतल्या तर पोटातून रक्त जायचा धोका वाढतो. दारू, फेणी, माडी, या महिन्यात काहीच नको.

९. काळजीचं काय करायचं

काळजी जाणार नाही, तिला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी दिवा लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं, वहीत सगळे "असं झालं तर" लिहून काढा. दिवसभरात मधे आली तर तिला सांगायचं, सात वाजता ये. खुळ्यासारखं वाटतं पहिले चार दिवस, मग जमतं.

धडधड वाढली की श्वास सोडायचा वेळ घेण्यापेक्षा लांब ठेवा, चार मोजून घ्या, सहा मोजून सोडा, पाच मिनिटं. चहा कमी करा. मला माहितीये कोकणात कोणाच्याही घरी गेलं की चहा होतोच, कोकम सरबत मागा, मळमळीलाही बरं. रात्री दहानंतर मोबाइलवर गोळीचं नाव टाकून वाचत बसायचं नाही, तिथे ज्यांना वाईट अनुभव आला तेच लिहितात, ज्यांना बरं वाटलं ते कामाला लागलेले असतात. सकाळी उजेडात चाला, किनारा जवळ असेल तर किनारा, नाहीतर पाणंद, वीस मिनिटं पुरतात.

या महिन्यात मोठे निर्णय नकोत. नोकरी, जमिनीच्या वाटण्या, भावाशी भांडण, सगळं पुढच्या महिन्यात.

१०. घरचे, शेजारचे आणि देव

घरात एका माणसाला पूर्ण सांगा, बाकीच्यांना कामापुरतं. त्या एकाला तक्ता दाखवा आणि वरची आठव्या मुद्द्यातली यादी वाचून दाखवा. "माझ्याकडे लक्ष ठेव" असं नुसतं म्हटलं तर तो दर तासाला "बरं वाटतंय का" विचारून जीव खातो, त्यापेक्षा नेमकं काम द्या: रोज रात्री तक्त्यावर टिक केलीय का ते बघ, बस.

"डोक्याच्या गोळ्यो कित्याक खातंस?" म्हणणारं कोणीतरी भेटणारच. आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढून चेष्टा करणारंही. त्याच हॉस्पिटलच्या ओपीडीत रोज साधे नोकरदार, बायका, कॉलेजची मुलं येतात, गोळ्या घेतात, घरी जातात. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रायगडवाल्यांना अलिबाग. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली टीम काही ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी येते, तो दिवस फोन करून विचारून घ्या म्हणजे फेरी फुकट जाणार नाही.

घरच्यांना गाऱ्हाणं घालायचं असेल, देवाला कौल लावायचा असेल तर लावू दे, त्यावरून भांडत बसू नका. फक्त कौल कुठल्याही बाजूने लागो, तक्त्यावरची गोळी चुकवायची नाही, आणि कोणी काही प्यायला दिलं तर त्यात काय आहे ते विचारल्याशिवाय प्यायचं नाही.

११. फॉलोअप आणि उरलेल्या गोळ्या

बरं वाटायला लागलं की फॉलोअप टाळतात लोक. जा, निदान पहिल्या दोन-तीन वेळा. नव्या गोळीचा डोस योग्य जागी यायला तेवढ्या भेटी लागतात. आणि बरं वाटल्यावर लगेच बंद करायची नसते, पूर्ण बरं झाल्यानंतरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात, आधी डिप्रेशन येऊन गेलं असेल तर जास्त. इन्शुरन्स असेल तर बिलं जपून ठेवा, मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजारासारखाच द्यायचा असं २०१७ च्या कायद्यात आहे, क्लेम होतो का ते पॉलिसी वाचून विचारा.

जुन्या गोळ्या उरतात. त्या "लागतील पुढे" म्हणून कपाटात ठेवू नका, रात्री अंधारात चुकून त्याच हाताला लागतात, आणि वहिनीला किंवा शेजारच्या पोराला "मला बरं वाटलं, तू पण घे" म्हणून तर अजिबात देऊ नका. बदल पूर्ण झाला असं डॉक्टर म्हणाले की पुढच्या भेटीला ती स्ट्रिप सोबत न्या, मेडिकलवाले घेतात का विचारा, न कापलेली अख्खी स्ट्रिप असेल आणि बिल असेल तर काही जण परत घेतात. नाहीच घेतली तर गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवीत घट्ट बांधा आणि कचऱ्यात टाका. विहिरीत, पऱ्यात किंवा परसात नको, गुरं आणि कोंबड्या फिरत असतात.